बंद काळातलं मैदान

सुट्टीत कुणी कुणाला कबड्डी शिकवत नाही ना, एवढीच एक काळजी घेऊन जगणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि नशिबाने म्हणा, दलालाच्या कृपेने म्हणा, आयटी कंपन्यांशेजारच्या माण गावात मी त्यांच्याच खोलीत भाड्याने राहतो. तालुक्याच्या शालेय कबड्डी समितीने आमच्या घरमालकांना, म्हणजे काकांना, बिनपगारी निरीक्षक नेमलंय. स्पर्धा संपल्या की जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत सराव बंद, पोरींच्या गुडघ्यांना विसावा मिळावा, असा समितीचा नियम. बाकीची समिती तो विसरून आंबे खाते. काका गळ्यात शिट्टी घालून स्कूटर काढतात. त्यांचा स्वतःचा उजवा गुडघा तरुणपणी बारमाही सरावाने गेला. जिना चढताना तो ढगासारखा असा गडगडतो की वरचे भाडेकरू लगेच गॅलरीतले ओले कपडे आत घेतात.

काकांच्या संशयातून कुणी सुटत नाही. एकदा मी गच्चीवर प्राणायाम करत होतो. "कबड्डीचा दम कुणाला शिकवताय?" काकांनी दरडावलं. मी चाळिशीतला, पोट सुटलेला, दिवसभर खुर्चीला चिकटलेला माणूस. तरी त्यांनी पाण्याच्या टाकीमागे एखादी पोरगी लपलीय का ते बघूनच घेतलं. पण कळस झाला तो भर रस्त्यात. शाळेच्या खेळाच्या बाई संध्याकाळी सात मुलींना रस्ता ओलांडून नेत होत्या. कंपन्या सुटायची वेळ, म्हणून मुलींनी एकमेकींचे हात धरलेले. चढाईला आलेल्याला अडवायला कबड्डीत अशीच साखळी धरतात, हे दिसताच काकांनी स्कूटर आडवी घातली आणि शिट्टी फुंकली.

"साखळी शिकवताय व्हय बाई? बंद काळ हाय."

"काका, रस्ता ओलांडतोय."

"मग एकेकटीनं वलांडा."

मागे कंपन्यांच्या बसची रांग लागली. बाईंनी शांतपणे काकांचाच हात धरला, त्यांना साखळीत घेतलं आणि पलीकडे नेऊन सोडलं. स्कूटर राहिली रस्त्यात.

मुली खेळतात ते शाळेशेजारचं रान काकांच्या चुलतभावाचं. आजवर त्याने ते फुकट खेळू दिलं. यंदा मात्र ते विकणार अशी कुजबुज होती, आणि विकलं तर जूनमध्ये पोरींना खेळायला दुसरी जागाच नव्हती. काकांना विचारलं की म्हणायचे, "जमीन त्याची, मर्जी त्याची." पण रोजची एक फेरी तिकडून असायचीच.

मे महिन्यात एका सकाळी मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसलो होतो. त्या रानात फक्कीच्या पांढऱ्या रेषा ताज्या ओढलेल्या. काकांचा चेहरा असा खुलला की काय सांगू.

"घावल्या एकदाच्या. मैदान आखलंय बघा."

शिट्टी फुंकत, गुडघा वाजवत ते धावले. रानात पोरी नव्हत्या. टोपी घातलेला एक अनोळखी माणूस मोजणीची फीत धरून उभा होता.

"काका, प्लॉट पाडतोय," तो म्हणाला. "तुम्ही रेषेवर उभे आहात, जरा बाजूला व्हा."

काका बाजूला झाले. घरी येऊन स्कूटर लावताना म्हणाले, "पोरी असत्या तर लई बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर सगळ्या भाडेकरूंच्या गाड्या रस्त्यावर काढलेल्या, आणि रिकाम्या अंगणात काका वाकून फक्कीने रेषा ओढतायत. गुडघा वाजत होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"काका, बंद काळात मैदान?"

"सराव न्हाई ह्यो. आखून ठिवलंय फकस्त. शाळा उघडंस्तवर हितं कुणी पाय ठिवायचा न्हाई."

तेव्हापासून वाऱ्याने पुसलेल्या रेषा ते रोज सकाळी पुन्हा ओढतात. आमच्या गाड्या बाहेर उन्हात तापतात आणि आम्ही यथाशक्ती कुरकुरतो. तरी ऑफिसला निघताना त्या रिकाम्या मैदानाला सगळेच वळसा घालून जातात. मीही घालतो. पार्किंग गेल्याचा राग आहेच, पण खरं सांगायचं तर जूनची वाट आता मीही बघतोय.