सगळ्याच्या सगळ्या पांढऱ्या

तुम्ही हसणार हे ठाऊक असूनही सांगते. फक्त तोंडातला चहा आधी गिळा, नाहीतर नाकातून येईल.

नगरला एमएस्सी करत होते. प्रोजेक्ट काय, तर एक जनुक बॅक्टेरियात घुसवायचं. घुसलं की नाही, ते कसं ओळखायचं? बॅक्टेरिया वाढवायच्या प्लेटमध्ये एक्स-गॅल नावाचं रसायन टाकायचं. जनुक नीट बसलं तर बॅक्टेरियाचा ठिपका पांढरा उगवतो, नाही बसलं तर निळा. माझे आपले दर वेळी निळेच! शेवटी प्रोजेक्टच्या मॅडमनी सांगून टाकलं, "या खेपेला पांढरा नाही आला, तर पुढच्या सेमिस्टरला भेट."

आणि त्या सकाळी इनक्युबेटर उघडते तर काय, अख्खी प्लेट पांढरी! मी तिथल्या तिथे उड्या मारल्या. लगेच कोल्हारला वडिलांना फोन.

"अण्णा, पांढरे आले!"

"कोन आले?"

"ठिपके हो. माझं काम झालं, प्रोजेक्ट पास!"

"आसं व्हय? मंग येतोच."

आमच्याकडे आनंद फोनवर उरकत नाहीत. उसाचं पाणी बंद करून, मोटारसायकलला पेढ्यांचं खोकं बांधून अण्णा दुपारी डिपार्टमेंटमध्ये हजर. दिसेल त्याच्या हातावर पेढा. "पोरीनं जंतू पांढरं केलं, लई अवघड काम हाय." मी अडवावं ना? मी त्यांच्या मागे प्लेट दाखवत फिरतेय.

तेवढ्यात मॅडम आल्या. एका हातात पेढा, दुसऱ्या हातात माझी प्लेट.

"एकही निळा नाही?"

"एकही नाही, मॅडम!" काय तो माझा रुबाब.

"अगं, दोन-चार तरी निळे येतातच. एक्स-गॅल टाकलंस ना? त्याच्याशिवाय सगळेच पांढरे दिसतात, जनुक असो नसो."

मी फ्रीजर उघडला. या खेपेसाठी बनवलेली एक्स-गॅलची नळी फॉइलमध्ये गुंडाळलेली, काठोकाठ भरलेली. आता सरळ 'विसरले' म्हणून मोकळं व्हायचं की नाही? पण शेजारी अण्णा उभे, समोर सगळं डिपार्टमेंट पेढे खातंय.

"मॅडम," मी म्हणाले, "त्यानंच तर दर वेळी निळे होत होते."

मॅडमनी अर्धा पेढा परत खोक्यात ठेवला.

अण्णांना मात्र पटलं. "बराबर हाय की, मॅडम. पोरीनं मुळावरच घाव घातला."

मॅडमनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे.

"पुढच्या सेमिस्टरला," त्या म्हणाल्या, "दोघंही या."