मार खाता खाता दम भरणारा ओदिल

ओदिल मास आमच्या गावचा. जवसाच्या काड्या नदीत भिजवून त्यांचा धागा काढायचं त्याचं काम. बोलायला मऊ, सायकलवर बसला की भूत. तुम्ही म्हणाल, आजोबा, फ्लँडर्सात सायकल न मारणारा आहे कोण? खरंय, आमच्याकडे पोर आधी पायडल मारतं, मग चालायला शिकतं. पण ओदिलची तऱ्हाच निराळी.

दगडी चढावर जीव तोडून मुसंडी मारली की पायांतलं बळ विहिरीसारखं आटतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. ते परत कसं भरतं, हे ओदिलला ठाऊक. मुसंडी झाली की तो घोळक्याच्या शेपटाला यायचा आणि पाय अलगद फिरवत राहायचा. आम्ही चिडवायचो, "मेला रे मेला!" तो म्हणायचा, "हसा लेको. निम्मं पाणी झटक्यात येतं, उरलेलं थेंबाथेंबानं. तेवढ्यात कुणी पुन्हा उपसायला लावलं, तर मात्र झरा रुसतो."

आमच्या जत्रेची शर्यत शेजारगावचे लिपन्स भाऊ, रेमी आणि जेरार, दरवर्षी जिंकायचे. पायांनी कमी, कोपरांनी जास्त. आदल्या साली त्यांनी ओदिलच्या मेव्हण्याला काटेरी तारेत ढकललं होतं. पोराचा गाल कानापर्यंत फाटला. ओदिलची बायको झुल्मा यंदाच्या शर्यतीच्या सकाळी एवढंच म्हणाली, "जिंकणाऱ्याची फुलं यंदाही त्यांच्या घरी गेली, तर तू आपल्या घरी येऊ नकोस."

लिपन्स भाऊ बैल होते, पण बिनडोक नव्हते. ओदिलचा झरा त्यांनाही माहीत होता. एक चढावर मुसंडी मारी, ओदिल पाठलाग करून त्याला गाठी, की लगेच दुसरा सुटे. ओदिलला उसंत म्हणून नाही. घोळका कधीच मागे पडला होता; मी तेवढा त्या तिघांच्या मागे लोंबकळत होतो, सगळं बघत होतो. त्याच्या तोंडाला फेस, मान लुळी पडलेली. आणखी एक मुसंडी बसली असती तर तो खलास होता.

आणि इथेच त्या भावांची अक्कल गेली!

दारूभट्टीच्या मागे सपाट रस्ता आहे. पंच तिकडे खानावळीच्या दारात बिअर पीत बसलेले, इकडे बघणारं कुणी नाही. आमच्या भागात जुने हिशेब तिथेच चुकते होतात. रेमीला वाटलं, कशाला पुन्हा पाय झिजवायचे? त्यानं ओदिलला डावीकडून दाबलं, जेरारनं उजवीकडून.

"काय रे जवशा, मेव्हण्यासारखा गाल हवाय का?" म्हणत रेमीनं हवेचा पंप उपसला आणि थेट नाकावर हाणला. कडाड! रक्ताची चिळकांडी जेरारच्या सदऱ्यावर उडाली. जेरारनं बरगडीत गुद्दा घातला, मग दुसरा, मग केस धरून डोकं हलवलं. मी ओरडलो, "अरे सोडा त्याला, मरेल!" तर पंप माझ्याही खांद्यावर बसला.

पण गंमत बघा. सायकलवरून माणसाला बडवायचं तर वेग सोडावा लागतो. एका हातानं हँडल, दुसऱ्यानं मार. आम्ही दुधाच्या गाडीच्या चालीनं चाललो होतो! ओदिलनं एकदाही हात उचलला नाही. हनुवटी छातीत खुपसली, तोंडानं फुसफुसत श्वास ओढला, आणि पाय? पाय अलगद, गोल, गोल. मला हसू फुटलं. हा मार खात नव्हता, पाणी भरत होता! भाऊ मात्र शिव्या घालून, हात चालवून धापा टाकायला लागले.

शेवटचा चढ आला. ओदिलनं रक्ताची गुळणी थुंकली आणि पायडलवर उभा राहिला. रेमी त्याच्या मागे सुटला, पण निम्म्या चढावर त्याची सायकल नागमोडी जायला लागली. जेरार तर चालत वर आला.

रेषेवर रेमी पंचांपुढे किंचाळला, "याला बाद करा! यानं वाटेत मारामारी केली!" मारामारी करणारे सगळेच बाद, असा आमच्याकडचा नियम.

पंचांनी ओदिलचं वाकडं झालेलं नाक बघितलं, आपल्या मिशीवरचा बिअरचा फेस पुसला आणि रेमीला विचारलं, "कुणाशी रे?"

झुल्मानं पंचांच्या हातातून फुलं ओढून घेतली.