शेजारच्या दगडावरची खूण

माझ्या मोठ्या जाऊबाई सुलोचनाताई पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून रिटायर झाल्या. रिटायर झाल्यावर माणसं भजनी मंडळात जातात, नाहीतर घरच्यांच्या चुका काढत बसतात. ताईंनी यातलं काही केलं नाही. गल्लीतल्या एका पोराने त्यांना सांगितलं की जुनी देवळं नि किल्ले माणसांनी बांधलेच नाहीत, परग्रहावरचे लोक येऊन बांधून गेले. त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. ताईंचं टाळकंच सरकलं. पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी गल्लीतली सगळी पोरं गोळा केली आणि छत्रीवर, म्हणजे जवळच्या जुन्या दगडी स्मारकावर, नेली.

कृष्णपुऱ्याच्या मोठ्या छत्र्या आमच्या शहरात सगळ्यांना ठाऊक आहेत. ही त्यांतली नव्हे. नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, आमच्या सासरच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एक लहानशी छत्री आहे. खाली दगडी जोतं, वर खांब, खांबांवर घुमट आणि घुमटात कबुतरं. ती कोणी बांधली हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आमचं पिसाळांचं घराणं मात्र सांगायचं. आमचे पूर्वज दरबारच्या फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात आले, पुढे बांधकामावर मुख्य झाले आणि ही छत्री त्यांनी उभी केली. पुरावा काय, तर एका खांबाच्या पायथ्याच्या दगडावर कोरलेला त्रिकोण आणि त्यात एक उभी रेघ. ती आमची निशाणी. ती आमच्या लग्नपत्रिकांवर असते, फाटकावर आहे, देवघरातल्या तांब्यावर आहे, आणि माझ्या पुतण्याने, भूषणने, ती बाइकच्या मागेही रंगवून घेतली आहे.

दसऱ्याला घरात शस्त्रपूजा होते. शस्त्रं म्हणजे एक गंजकी तलवार आणि ताईंचा पान्यांचा डबा. मग नानासाहेब, म्हणजे आमचे सासरे, सगळ्यांना घेऊन छत्रीवर जातात आणि त्या दगडावर आपट्याची पानं ठेवतात. पहिलं सोनं दगडाला. तोवर घरात कोणी कोणाला सोनं द्यायचं नाही, अशी रीत. नानासाहेबांचा जन्म सरकारी खात्यात कारकुनी करण्यात गेला. साहेब लोकांनी त्यांना समोर कधी बसायला सांगितलं नाही. वर्षातून एक दिवस मात्र ते काळी टोपी घालून त्या खांबापाशी उभे राहायचे, आणि तेव्हा त्यांची मान बघण्यासारखी असायची.

पुढे दर रविवारी भरू लागलेला ताईंचा हा वर्ग मी राऊहून, म्हणजे आम्ही राहतो तिथून, येऊन दोन-तीनदा ऐकला. बोलण्यात गोडवा नाही, पण पोरं हलत नाहीत. बिस्किटांचे दोन ढीग समोरासमोर रचायचे, प्रत्येक बिस्कीट खालच्यापेक्षा थोडं पुढे. शेवटी दोन्ही ढीग वर एकमेकांना भिडतात. "घुमट असाच मिटतो. आता खा," म्हणायच्या. चुना नुसता कालवायचा नाही, त्यात गूळ घालायचा, बेलफळाचा गर घालायचा, मग बैल जुंपलेल्या घाण्यात मळायचा. क्रेन नव्हती तेव्हा वजनदार दगड वर कसा गेला? मातीचा उतार करायचा, बैलांनी दगड ओढायचा, भिंत वाढली की मातीही वाढवायची. काम झालं की सगळी माती काढून टाकायची. "म्हणून दिसते ती इमारत," ताई सांगायच्या, "आणि तिच्याएवढीच दुसरी, मातीची, होती ती दिसत नाही."

पोरांना सगळ्यांत आवडायचा तो खोक्यांचा खेळ. दगड आधी खाली जमिनीवर जुळवून बघत, मग सुटे करून वर नेत. वर गेल्यावर कुठला कुठे, हा घोळ नको म्हणून जोडाजवळ दोन्ही दगडांवर एकच खूण करत. ताई पुठ्ठ्याच्या खोक्यांवर खडूने खुणा करायच्या, खोकी विस्कटायच्या आणि पोरांना परत रचायला लावायच्या. आणि वर्ग संपताना त्याच ताई पायथ्याच्या दगडाकडे बोट करून सांगायच्या, "ही आमच्या घराण्याची निशाणी." दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगत होत्या आणि दोन्हींवर त्यांचा पूर्ण विश्वास होता.

यंदा पावसाळ्यानंतर छत्रीची सफाई झाली. पिंपळाची रोपं उपटली गेली, जोत्यावरचे चुन्याचे जुने थर खरवडले गेले. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी तिथेच होते. शर्वरी नावाची मुलगी खांबापाशी उकिडवी बसली होती.

"काकू, देखो ना," ती म्हणाली, "तुमची निशाणी इधर पण आहे. बाजूवाल्या दगडावर. एकदम सेम."

ताई वाकल्या. जोडाच्या एका बाजूला आमचा त्रिकोण नि रेघ, दुसऱ्या बाजूला, चुन्याखालून नुकतीच निघालेली, तीच खूण.

"ये तो अपना खोक्यांवाला गेम आहे," शर्वरी म्हणाली. "म्हणजे हे दोन दगड साथ में लावायचे."

ताईंनी दोन्ही खुणांवरून बोट फिरवलं. मग "हो, बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाल्या आणि वर्ग सोडून दिला. माझ्याही लक्षात आलं, आमची निशाणी म्हणजे गवंड्याने दगड जुळवायला केलेली खूण होती आणि दसऱ्याचं बोलावणं नानासाहेबांनी स्वतः या पोरांना दिलेलं होतं.

घरी येताना मी ताईंना धरलंच. "रहने दो ना ताई. नव्वदीला आलेला माणूस. कशाला सांगायचं?"

"पोरांना काय सांगू मग?"

"सांगा की मालकाच्या निशाण्याही असायच्या."

"शर्वरीला सांगू? जी माझ्यामुळेच ते ओळखायला शिकली?" ताई थांबल्या. "ती दसऱ्याला येणार आणि पटकन बोलणार. नानासाहेबांनी हे चारचौघांत पोरीच्या तोंडून ऐकायचं का? त्यापेक्षा माझ्याकडून ऐकू देत."

मला त्यांचा राग आला. खऱ्याचा एवढा हट्ट घरच्या म्हाताऱ्या माणसावर चालवायचा असतो का, असं वाटलं. आजही थोडं वाटतं.

संध्याकाळी नानासाहेब चहा पीत असताना ताईंनी सांगितलं. फिरवून नाही, सरळ. आमच्याकडे सुनेलाही अहोजाहो करतात.

"तुम्ही नीट पाहिलंत, सूनबाई?"

"बोट फिरवून पाहिलं."

नानासाहेबांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. "साहेबासमोर उभा असायचो ना," ते म्हणाले, "तेव्हा मनात म्हणायचो, तुझं काय आहे रे या शहरात? माझं आहे." मग "बरं" म्हणून आत गेले. रात्री ताटावर आले नाहीत. ताई त्यांच्या दारात दोनदा जाऊन परत आल्या आणि ओट्यापाशी तोंड फिरवून उभ्या राहिल्या. त्या रडत होत्या, हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

दसऱ्यापर्यंत नानासाहेब कामापुरतंच बोलले, आणि ताईंशी तेवढंही नाही. शस्त्रपूजा झाली. आता हे काही निघत नाहीत, असं भूषण माझ्या कानात म्हणाला. तेवढ्यात नानासाहेब काळी टोपी घालून बाहेर आले. "चला," म्हणाले.

छत्रीवर पोरं आधीच जमली होती. नेहमी नानासाहेब थेट दगडापाशी जायचे. आज ते पोरांच्या मागे पायरीवर बसले. "सूनबाई, यांना जे शिकवता ते मलाही सांगा."

ताईंनी सांगितलं. माती, बैल, चुना, खुणा, सगळं. आवाज सुरुवातीला अडखळत होता, मग ठीक झाला. शर्वरीने पुढे होऊन दोन्ही त्रिकोण दाखवले. नानासाहेब उठले, वाकले, त्यांनीही बोट फिरवलं.

"मग आमचे पूर्वज इथे काय करत होते?" त्यांनी विचारलं.

पोरं ताईंकडे बघायला लागली. मी तर डोळ्यांनीच ताईंची विनवणी करत होते, की म्हणा, मुकादम होते म्हणा, काहीही म्हणा. खोटं ठरवायला कोण येणार होतं?

"माहीत नाही, नानासाहेब," ताई म्हणाल्या. "असतीलही इथे, नसतीलही."

नानासाहेब खांबाला हात टेकून सरळ झाले. "पिसाळांच्या घरात 'माहीत नाही' म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत. कोटाच्या खिशातून आपट्याची पानं काढून त्यांनी ती शर्वरीच्या हातात दिली.

"ठेव बेटा. ज्याने हे दगड बसवले त्याच्यासाठी."

तिने पानं बरोबर जोडावर ठेवली, अर्धी या दगडावर, अर्धी त्या. "आजोबा, उसका नाव काय होतं?"

"माहीत नाही," नानासाहेब म्हणाले, आणि पायरी उतरण्यासाठी त्यांनी ताईंकडे हात पुढे केला.