दोन रंगांचं पाणी

नवरा तिला कारकूनबाई म्हणायचा, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. सकाळी देवापुढे दिवा लावला, डोळे मिटून थोडा वेळ बसलं, की ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वही उघडायची. दूध नासलं, गॅस संपला, मावशीचा फोन आला, प्रार्थनेत मन तीनदा भरकटलं, सगळं तारीखवार. तिच्याबद्दल देवाने वेगळं काही लक्षात ठेवायची गरजच तिने ठेवली नव्हती.

एकदा गल्लीतल्या बायकांची सहल ठरली, दोन नद्यांच्या संगमावरचा जुना बुरूज बघायला. निघताना सासूबाईंनी तिचा हात धरला. त्यांना आता सावल्यांपलीकडे फारसं दिसत नव्हतं.

"तिथलं पाणी दोन रंगांचं आहे. एक नदी हिरवी, एक मातकट. नीट बघून ये आणि मला सांग."

"आई, एक अक्षर सुटायचं नाही!"

आणि खरोखरच सुटलं नाही. गाईड बोलायला लागला तशी तिने कठड्यावर वही टेकवली. बुरूज कुणी बांधला, भिंत किती जाड, तोफा किती, कुठल्या सालचा पूर कुठल्या पायरीपर्यंत चढला. गाईड म्हणाला, "आता समोर बघा." तिने लिहिलं, "आता समोर बघा."

"अहो, बघा तरी!" शेजारीण म्हणाली.

"आलेच, एवढं वाक्य संपवते."

वाक्य संपेपर्यंत बसचा हॉर्न वाजला. अकरा पानं भरली होती. परतताना ती अशा ऐटीत बसली होती, जणू बुरूज तिनेच बांधला.

संध्याकाळी सासूबाईंच्या पलंगाशी खुर्ची ओढून तिने वाचायला घेतलं. तोफांपर्यंत सासूबाईंनी कळ काढली.

"चुलीत गेल्या तोफा. पाणी?"

"दोन रंगांचं," ती वहीत बघून म्हणाली.

"तू बघितलंस?"

"हो तर. स्पष्ट."

"हिरवी कुठल्या बाजूला?"

तिने पान उलटलं. गाईडने बाजू सांगितलीच नव्हती, मेल्याने.

"डावीकडे."

"बुरुजावरून डावीकडे, की पायऱ्यांवरून?"

देवाधर्माच्या बाईने एका बैठकीत किती खोटं बोलावं, यालाही काही मर्यादा असते. तिने वही मिटली. "आई, मी मान वर केलीच नाही. लिहीत होते."

आता बोलणी खावी लागणार, म्हणून तिने अंग चोरलं. सासूबाईंनी छताकडे तोंड वळवलं.

"मी तरी कुठे बघितलं?"

"म्हणजे?"

"आम्ही तिथे गेलो तेव्हा तुझा नवरा दीड वर्षाचा होता. जो ओकायला लागला, तो घरी येईपर्यंत. मी तिथल्या नळावर त्याची झबली धूत बसले. बाकीच्या बायका रंग रंग करत होत्या, तेवढं ऐकलं आणि घरी येऊन रंगवून सांगितलं. मग सांगतच राहिले, पन्नास वर्षं! शेजारच्या मास्तरणीने त्यावर मुलांना निबंध घातला गं. म्हटलं, जायच्या आधी खरं-खोटं तरी कळू दे. तर तू ही अशी!"

गुरुवारी ती एकटीच बसने गेली, वही कपाटात ठेवून. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. शेवटी पर्सचा पट्टा घट्ट धरून ती कठड्याशी उभी राहिली आणि तासभर नुसती बघत राहिली.

घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच तिने सांगायला सुरुवात केली. "हिरवी नाही हो आई, शेवाळी म्हणा. दुसरी मातकट. मध्ये रेघ आहे, वाकडीतिकडी. त्या रेघेवरून एक फांदी वाहत चालली होती. कधी इकडच्या पाण्यात, कधी तिकडच्या. कुणाकडे राहावं ते तिचं ठरेचना."

"पण रंग दोन आहेत?"

"दोन आहेत."

"हुश्श! पन्नास वर्षं थाप मारली, ती खरी निघाली बाई." सासूबाईंनी चाचपडत तिचं मनगट धरून तिला पलंगावर बसवलं. "आता ते फांदीचं परत सांग. सावकाश."