गवत कापायचं मशीन आणि आम्ही चौघं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चार माणसं एकाच शेडखाली वर्षानुवर्षं डबे उघडतात, एकाने काही सांगितलं की दुसऱ्याला त्याच्या पुढचं आठवतं, आणि साठा वाढत जातो. आमच्याकडच्या साठ्यातले निम्मे किस्से एका मशीनचे आहेत.

ऐंशीच्या दशकात मी कांदिवलीच्या एका कारखान्यात बागेचा सुपरवायझर होतो. कंपाउंड एवढं मोठं, की पावसाळा सरेपर्यंत मागच्या बाजूचं गवत कमरेला लागायचं. माणसं तीन: मालवणकडचे वयस्कर माळी परब, मनोरीचा दामोदर कोळी आणि झाडलोट करणाऱ्या विठाबाई. एका वर्षी मॅनेजरसाहेबांनी बाहेरच्या देशातून पेट्रोलवर चालणारं मशीन मागवलं. लांब दांडा, एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला गरगरणारं पातं, आणि वजन पेलायला खांद्यावरचा पट्टा. असलं काही आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं.

* * *

सोबतचं इंग्रजी पुस्तक मी घरी नेऊन वाचलं होतं, म्हणून पहिला मान माझा. टाकी भरली, दोरी ओढली, इंजिन सुरू. मी एकदम खूष.

दामोदर बाजूला उभा राहून वास घेत होता. तो सरळ पुढे आला आणि त्याने बटण बंद केलं.

"साहेब, धूर कुठंय?"

मी म्हटलं, धूर नाही हे चांगलंच की! तो मान हलवायला लागला. त्याच्या काकांच्या होडीला असलंच छोटं इंजिन होतं. त्यात पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, नाहीतर आतला पिस्टन तापून चिकटतो आणि इंजिनाची वाट लागते.

"धूर नाय म्हणजे तेल नाय," तो म्हणाला.

मी पुस्तक उघडलं. दुसऱ्याच पानावर, जाड अक्षरात तेच लिहिलेलं होतं. मी ते पान वाचलं होतं, हे विशेष.

* * *

दुसऱ्या आठवड्यात परब कापत असताना पात्याखालून एक खडा उडाला आणि चाळीस फुटांवरच्या कॅन्टीनची काच फुटली. काचेमागे तेव्हा कोणी नव्हतं, हे नशीब. त्या दिवसापासून परबांनी स्वतःच नियम केला. मशीन उचलण्याआधी कापायची सगळी जागा पायी फिरायची आणि दगड, तारा, बाटल्या वेचून टोपलीत टाकायच्या.

अशाच एका फेरीत त्यांना कॅन्टीनच्या खिडकीखाली दातांची कवळी सापडली. वरची, पूर्ण. मी नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली. मालक काही पुढे आला नाही. आठवडाभर सगळा कारखाना जेवताना एकमेकांच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी परबांनीच तोडगा काढला. कवळी कागदात गुंडाळून जिथे सापडली तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. सकाळी ती नव्हती.

* * *

डोळ्यांच्या बचावासाठी मशीनबरोबर आलेला चष्मा मात्र परब घालत नसत. काच हिरवी होती. घातला की वाळलेलंही ताजं दिसतं, कापायचं मन होत नाही, असं त्यांचं म्हणणं. एक दिवस गवताची काडी डोळ्यात गेली. डोळा वाचला, पण तीन दिवस पट्टी.

पहिल्याच दिवशी विठाबाईंनी खुंटीवरचा चष्मा काढून घातला, कानात कापूस कोंबला, पदर खोचला, दामोदरचे बूट मागून घेतले आणि म्हणाल्या, खांद्याचा पट्टा माझ्या उंचीला करून द्या. मी जरा चाचरलो. मग दिला.

परबांचं कापणं कुठे उंच, कुठे खरवडलेलं असायचं. विठाबाई उजवीकडून डावीकडे संथ फेर घेत एकेक पाऊल पुढे जात होत्या आणि मागे सतरंजी अंथरल्यासारखा पट्टा पडत होता. हे कुठे शिकलात, असं मी विचारलं.

"झाडू मारायचा तसंच आहे," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं वाकून मारला. हे उभं राहून."

चौथ्या दिवशी परब आले, विठाबाईंनी कापलेलं गवत बघितलं आणि चष्मा मागून घेतला. त्यानंतर कापताना त्यांनी तो कधी काढला नाही. मशीनही त्या दोघांत वाटून घेतलं गेलं.

* * *

मशीन चालू असलं की चालवणाऱ्याला मागचं काही ऐकू येत नाही. एकदा वॉचमनने मागून येऊन परबांच्या खांद्यावर हात ठेवला. परब दचकून मशीनसकट वळले. पात्याने वॉचमनच्या पँटचा पाय फाडला. कातडीला लागलं नाही. मग मी ठरवून टाकलं: हाक मारायची नाही, मागून जायचं नाही. समोरून, पंधरा पावलांवर उभं राहायचं, हात वर करायचा आणि मशीन बंद होईपर्यंत तसाच धरायचा.

त्या ऑक्टोबरात परबांच्या नावाने गावाहून तार आली. गेटवरच्या क्लार्कने वाचून सांगितलं, परबांची आई वारली. तार दामोदरने घेतली. मी त्याच्याबरोबर गेलो. परब मागच्या भिंतीकडे तोंड करून कापत होते. आम्ही लांबून वळसा घालून समोर आलो. दामोदरने एक हात वर केला. दुसऱ्या हातात कागद होता.

परबांनी मान वर केली. हात बघितला, मग कागद बघितला. आणि मान खाली घालून कापायला लागले.

भिंतीपर्यंत अजून बरंच गवत उभं होतं. आम्ही त्यांच्या वाटेतून बाजूला सरकलो. मी पुढे जायला निघालो तर दामोदरने मला अडवलं.

"राहू दे साहेब. मी हात वर धरून उभा राहतो."

डाव्या फेराला कापत, उजव्या फेराला मोकळं परतत, परब एकेक पाऊल भिंतीपाशी गेले. एक काडी ठेवली नाही. मग बटण बंद केलं, मशीन आडवं ठेवलं, पातं थांबेपर्यंत वाट पाहिली. चष्मा कपाळावर सारला.

"आये?" त्यांनी विचारलं.

दामोदरने हात खाली घेतला.