वास बाहेर जाता कामा नये

“मावशी, तुम्हाला फरशी पुसायला ठेवलंय. धोके सांगायला नाही.”

सेफ्टी मॅनेजर असं म्हणाले आणि अख्खी कॉन्फरन्स रूम हसली. मी उष्टे कप उचलायला ट्रे घेऊन भिंतीला टेकून उभी होते. हिंजवडीतली आयटी कंपनी. कामाच्या जागी तब्येतीला कोणते धोके असतात, ते ओळखायचे कसे, टाळायचे कसे, याचा त्या दिवशी तिथे वर्ग होता. खुर्चीने पाठ दुखते. स्क्रीनने डोळे चुरचुरतात. एसीच्या झोताने एकाची मान आखडली होती, त्याला साहेबांनी तिथल्या तिथे जागा बदलून दिली. मग विचारलं, “आणखी कुणाला काही त्रास?” मी हात वर केला. मला वाटलं, ‘कुणाला’मध्ये मीही येते.

मी एवढंच म्हणाले होते, “साहेब, संडास धुताना दार लावून घ्यायला लावतात. मले श्वास नाही घेता येत.”

आधी माझ्या ‘मले’ला हसले. मग श्वासाला. एक मॅडम नाकाशी रुमाल नेत म्हणाल्या, “आपण जरा लांब उभ्या राहाल का? ॲसिडचा वास येतोय.” अगदी ‘आपण’ म्हणून. पुण्यात अपमानसुद्धा मान देऊन करतात. मी मान खाली घालून कप गोळा केले.

मी यवतमाळकडची. शहरात जात विचारत नाहीत, असं गावी सांगायचे. ते खरंच आहे. मला कुणीच विचारली नाही. हाउसकीपिंगच्या कंत्राटात संडास कुणी धुवायचे, ते न विचारताच ठरलं. माझ्या जोडीला सिंधूताई होती, इथलीच, शेजारच्या गावची. गावाच्या जमिनी आयटी पार्कात गेल्या तेव्हा जमीनवाल्यांनी बंगले बांधले. तिच्या माणसांना जमीनच नव्हती. तिला ब्रश मिळाला.

सुपरवायझरचा नियम एकच. वास बाहेर जाता कामा नये. दार लावायचं, खालच्या फटीत ओला फडका खोवायचा, पंखा बंद ठेवायचा. पंख्याचं तोंड कॅन्टीनच्या गच्चीकडे होतं ना. मास्क आणि हातमोजे कपाटात. तपासणीवाले आले की बाहेर निघायचे, ते गेले की परत आत. घरी मुलगी माझ्याजवळ झोपेनाशी झाली. “आई, तुझ्या छातीत शिट्टी वाजते,” म्हणायची. काम सोडावं तर पोटावर पाय, करावं तर छाती जाते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

वर्ग झाल्यावर थोड्याच दिवसांत परदेशी पाहुणे यायचे होते. त्या दिवशी सकाळी सुपरवायझरने आणखी एक बाटली हातात दिली. आमच्या सगळ्या बाटल्या कोल्डड्रिंकच्या, कशात काय आहे ते वर लिहिलेलं नसायचं. “ॲसिडवर हेपण ओता. पांढरंशुभ्र दिसलं पाहिजे.” ते ब्लीच होतं, हे मला दवाखान्यात कळलं.

आम्ही ओतलं. पिवळट वाफ वर आली. डोळ्यांत मिरचीची पूड फेकावी तसं झालं. मी दार ओढलं. उघडेना. बाहेरून सुपरवायझरने मूठ धरून ठेवली होती. दाराला तोंड लावून म्हणाला, “पाहुणे पॅसेजमध्येच आहेत. जरा कळ काढा.”

सिंधूताई भिंतीला धरून खाली बसली. “बाय, मला काय दिसंना,” ती म्हणाली.

मी दारावर थाप मारली. हळूच मारली. आवाजही बाहेर जाता कामा नये, हे अंगात इतकं मुरलं होतं. बाहेर इंग्रजी बोलणं चाललं होतं, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. त्या वाफेत मला आमचं गाव आठवलं. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला. वारा पश्चिमेकडून यायचा, आधी गावाला लागायचा, मग आम्हाला. आजोबा सांगायचे, आपल्यावरून गेलेला वारा त्यायले चालत नाही. लहानपणी मला ते खोटं वाटायचं. आता काचेच्या इमारतीत मी स्वतःच्या हाताने फटीत फडका खोवला होता.

मग मी जोरात थाप मारली. लाथा मारल्या. ओरडले. दार उघडलं.

सिंधूताईचा आवाज गेला तो गेलाच. आता कुजबुजते, तेवढंच. कामावर ती परत आली नाही. तिला आधीपासूनच दमा होता, असं कंपनीने सांगितलं. तिच्या जागी लगेच दुसरी बाई आली. मी दवाखान्यातून कामावर परतले, तर ती वाकून फटीत फडका खोवत होती, तिला शिकवलं होतं तसंच.

मी तो फडका ओढून काढला. दार सताड उघडलं, भरलेली बादली त्याला लावली. पंखा सुरू केला. मग ॲसिडच्या बाटलीचं झाकण उघडलं.

थोड्याच वेळात सेफ्टी मॅनेजर आले, नाकाला रुमाल लावून. मागे त्या मॅडमही होत्या.

“दार लावा. लोकांना त्रास होतोय.”

“कोनत्या लोकायले?”

“मावशी, हुशारी नको. घसा धरलाय सगळ्यांचा.”

“सांगा साहेब, काय काय होते ते. वर्गात तुमीच तर विचारत होते.”

या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी बुटाने बादली सरकवली. पाणी सांडलं, दार मिटायला लागलं. मी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले. दार माझ्या खांद्याला लागून थांबलं. भीती वाटत होती. पण हलले नाही.

“उद्यापासून येऊ नका,” ते म्हणाले.

माझं ते काम गेलं. त्यानंतर दोन कंपन्यांतून काढलं, त्याच कारणासाठी. आता तिसरीकडे आहे, इथूनही काढतील. पहिल्या दिवशीच सांगून ठेवते. दार बंद असेल तर बाटलीचं झाकण उघडणार नाही. आणि माझ्या शेजारच्या बाईलाही उघडू देणार नाही.