पोटावरचं जाळं

चेन्नईच्या टी. नगरातल्या एका साड्यांच्या दुकानात विशालाक्षी विक्रीला उभी असे. तंजावुरी मराठी घरातली, बोलायला गोड. गिऱ्हाइकं तिच्यासाठी थांबून राहत. पण दिवसभर बसायची सोय नव्हती, आणि संडासाला जायचं तर सुपरवायझरला विचारून. एकदा त्याने "परत?" म्हणून चारचौघांत तिचं हसं केलं. त्या दिवसापासून तिने जाणंच टाळलं. पोट तुंबू लागलं, मुरडून कळा येऊ लागल्या.

घरी आली की ती रबरी पिशवीत कढत पाणी भरे आणि उघड्या पोटावर तशीच दाबून पडून राही. चटका बसे, पण कळ ओसरे. नवऱ्याला, उमाकांतला, सांगे, "कंबर धरलीय." असलं दुखणं नवऱ्याजवळ काढायचं कसं? वर्षं गेली.

२००६ साली नात्यातल्या एका लग्नाला निघताना मुलगी इरा तिच्या निऱ्या खोचत होती. पदर सरकला आणि आईच्या पोटावर जाळ्यासारखे तपकिरी डाग दिसले.

"अय्यो! हे भाजलंय. कोणी केलं?"

विशालाक्षीने घाईने पदर ओढून घेतला. इराने मान वळवली. दारात उमाकांत उभा होता.

"अप्पा, तुम्ही?"

त्याने बायकोकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं, पण लाजेने तिची जीभ उचलेना. तो खुर्चीत मटकन बसला, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही.

"त्यांनी काही केलं नाही गं. मला... पोट साफ होत नाही. मीच ओत्तडम देते, गरम पाण्याचा शेक."

इरा तिला दवाखान्यात घेऊन गेली; डॉक्टरीणबाईंनी तपासलं. शेकाने कळ सैल पडते, म्हणाल्या, पण पिशवीला टॉवेल गुंडाळा, पाणी सोसेल इतकंच घ्या. आणि संडासला लागली की अडवून धरू नका, मूळ तिथं आहे. तपासण्यांत वावगं काही निघालं नाही.

इराने अप्पांची माफी मागितली. उमाकांत बायकोला एवढंच म्हणाला, "मी इतका परका होतो?"

आपण बोललो नाही तो क्षण तिला डागांहून जास्त सलत राहिला. आता कान तापले तरी ती सांगते, "आज झालं नाही." तो पाणी तापवायला ठेवतो.